मोरीतलं सोनं आणि हिवरगडचा चोर

दसऱ्याला हिवरगडचं सोनं तोललं आणि यंदाही ते कमीच भरलं! वीस वर्षांपूर्वी आजोबांनी दोघा नातवांना पाच-पाच मण सोनं वाटून दिलं होतं. धाकटा तळेगडचा राजा झाला. त्याचं अजून पाच मण. थोरल्या गंभीरराव महाराजांचं मात्र दरसाल घटत घटत दोन शेरांनी उतरलं. खजिन्याला कुलूप एक, किल्ली महाराजांच्या कमरेला, तरी चोर म्हणे बाहेरचा! मोठ्यांची अक्कल ही अशी.

दरवर्षी ते सोनं घासून उजळायला गेनू झारेकरी यायचा. एरवी सोनारआळीतली माती धुऊन सोन्याचे कण वेचणारा गरीब माणूस. त्यालाच धरून कोठडीत कोंबला आणि आठव्या दिवशी कडेलोट ठरवला. दरबारी माना डोलवायला बसलेलेच होते.

गेनूची लेक साळू दरबारात आली. बापाने गुंजभरही सोनं घेतलं नाही, असं तिने सांगितलं. महाराज छद्मी हसले. आठ दिवसांत गेलेलं सोनं आण आणि चोरही आण, नाहीतर बापाला विसर, असं त्यांनी फर्मावलं. त्यापेक्षा चाळणीतून पाणी आणायला सांगा, ते तरी जमेल, असं दिवाण म्हणाला.

साळूने एवढंच मागितलं, की वाड्याच्या चौकातल्या मोरीचा गाळ उपसू द्या. त्या मोरीला हात लावायची झारेकऱ्यांना बंदी होती. राजाघरची घाणसुद्धा राजेशाही ना! दरबार पोट धरून हसला, पण परवानगी मिळाली.

सात दिवस पोर कमरेइतक्या गाळात उभी होती. गाळ धुतला, पाऱ्याने कण गोळा केले, मुशीत आटवले. आठव्या दिवशी तिने तराजूत पिवळा गोळा ठेवला. पावणेदोन शेर भरला.

"उरलेलं पावशेर पावसाने वाहून नेलं," साळू म्हणाली. "त्याला कोठडीत टाकायचं तर टाका."

सोनं मोरीत गेलं कसं, ते महाराजांना कळेना. साळूने सांगितलं, उजळायला रिठ्याचं पाणी पुरतं. पण तळेगडपेक्षा जास्त झळकावं म्हणून इथे विटेच्या भुकटीने घासतात. त्याने सोनं झिजतं आणि धुवणाबरोबर मोरीत वाहून जातं. बापाने हे पहिल्याच वर्षी सांगितलं, तर त्याला चाबूक बसले. तळेगडला सोनं घासतच नाहीत; तोलतात तेही तिकडे ठेवलेल्या हिवरगडच्या वकिलाच्या हट्टापायी, मग फूल वाहतात आणि पेटी लावतात.

"तुमचं किती, हे त्या राजाने वीस वर्षांत एकदाही विचारलं नाही," ती म्हणाली.

"चोराचं नाव सांग!" महाराज गरजले.

"नाव घ्यायला जीभ धजत नाही. पण वीट त्याच्या हुकमाने कुटतात. घासताना तो समोर बसून 'आणखी घास' म्हणतो. आणि सोनं कमी भरलं, की दुसऱ्याच्या बापाला कोंडतो."

दरबाऱ्यांनी माना खाली घातल्या. दिवाण तर खांबाआड सरकला.

"म्हणजे आता कडेलोट माझा?" महाराजांनी हळूच विचारलं.

"छे, महाराज! वीस वर्षं चोरी केली, तीही स्वतःच्याच घरी, आणि सगळं मोरीत घातलं. असल्या चोराला कोण कशाला मारील?"

महाराज आधी लाल झाले, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. गेनूला तिथेच सोडवलं आणि तो गोळा साळूच्या ओटीत टाकला. तळेगडचं सोनं आता कायमचं जास्त राहील, असं दिवाण कुजबुजला.

"राहू दे," महाराज म्हणाले, "आणि ती वीट फेकून दे."