तायाप्पाचा दम

आज जे काठी टेकत चालतात त्यांचे बाप लंगोट कसून हुतुतू खेळत होते, तेव्हाची ही गोष्ट. बोरजाईवाडीत तायाप्पा नावाचा गडी होता, आडनाव वगरे. असं म्हणतात, की तो ‘हुतुतू’ म्हणत चढाईला गेला की ओढ्यापलीकडच्या बाया भाकरी थापायला घेत, आणि त्याचा दम संपेपर्यंत टोपली भरलेली असे. भाकरी किती, ते विचारू नका. सांगणारा बदलला की टोपली मोठी होते.

एवढा दम असूनही तालुक्याबाहेर त्याला कुणी ओळखत नव्हतं. उमेदीची वर्षं गेली जत्रेची मैदानं तुडवण्यात. बक्षीस म्हणजे नारळ, फार तर फेटा. जिल्ह्याच्या संघात त्याला कधी घेतलं नाही. केस पिकायला लागले तेव्हा कुठे मुंबईच्या एका गिरणीच्या संघाचा माणूस जत्रेला आला. आज समोर असलेल्या आसरेगावच्या संघाला हरवलंस तर संघात घेतो, गिरणीतही चिकटवतो, असं त्याने सांगितलं. अशी संधी पुन्हा येणार नव्हती, हे तायाप्पालाही कळत होतं.

सामना बरोबरीत आला. शेवटची चढाई तायाप्पाची. आसरेगावच्या गड्यांनी त्याला धरलं, तर असं म्हणतात, की तो सगळ्यांना ओढत निघाला आणि मागे नांगरल्यासारखे चर पडले. त्याचा हात मधल्या रेघेला लागला. पंचाने गुण दिला. गावाने गुलाल उधळून त्याला खांद्यावर घेतलं.

तायाप्पा वरूनच म्हणाला, “खाली उतरवा. रेघंला हात लागायच्या आधीच माझा दम तुटला हुता.”

संघाचा म्होरक्या ज्ञानू त्याच्या कानाशी लागला. “गप की लेका! पंचानं बी ऐकलं न्हाई.”

“म्या ऐकलं की,” तायाप्पा म्हणाला.

पंचाने गुण फिरवला; तो आसरेगावला गेला आणि सामनाही. गिरणीवाला आसरेगावचाच एक गडी घेऊन संध्याकाळच्या एस.टी.ने परतला. गावाने वर्षभर तायाप्पाशी बोलणं टाकलं. वाईट वाटतं ते याचं, की त्याने पुन्हा लंगोट कसलाच नाही. मेंढरं राखत म्हातारा झाला आणि एक दिवस गेला.

तो गेल्यावरच्या पहिल्याच जत्रेत ज्ञानूने पंचाची खुर्ची उचलून देवळात नेऊन ठेवली. बोरजाईच्या जत्रेत आजही हुतुतूला पंच नसतो. ज्याचा दम तुटतो तो आपणच हात वर करतो, “तायाप्पा!” म्हणतो आणि बाहेर जाऊन बसतो. पाहुण्या गावांना ही रीत फार सोयीची पडते. बोरजाईवाडी तेव्हापासून क्वचितच जिंकली आहे. पण खुर्ची परत आणा, असं अजून कुणी म्हटलेलं नाही.