हेतिमतीचे आसन

त्रेतायुगाच्या प्रारंभी, विंध्याच्या अरण्यांत दैत्य दिवसाढवळ्या संचार करीत त्या काळी, कुरवकपुरावर विधृतसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्याची धाकटी बहीण हेतिमती धनुर्विद्येत त्याच्या तोडीची होती. नुसत्या पंखांच्या आवाजावरून ती पक्ष्याचा वेध घेई.

त्याच सुमारास कालकंप नावाच्या दैत्याने उग्र तप करून ब्रह्मदेवांकडे मागणे मागितले, "पितामह, जो भयाने माझ्यावर शस्त्र उचलील, त्याचे शस्त्र त्याच्याच देहात शिरो!" ब्रह्मदेवांचे चारही चेहरे म्लान झाले, परंतु तपात न्यून नव्हते, म्हणून त्यांना 'तथास्तु' म्हणावे लागले.

आता कालकंपाला पाहून भिणार नाही असा वीर पृथ्वीवर कोठे होता? चितेवरच्या धुरासारखा त्याचा वर्ण, विहिरीसारखे खोल डोळे, आणि श्वासाला सडक्या मांसाची दुर्गंधी. तो कुरवकपुराच्या वेशीशी आला तेव्हा विधृतसेनाने सारे बळ एकवटून भाला फेकला. भाला अंतराळात थबकला, वळला आणि राजाच्या कंठात घुसला. "हेतिमती!" एवढाच शब्द त्याच्या मुखातून निघाला. सैनिकांनी सोडलेले बाण त्यांच्याच छातीत रुतू लागले. हेतिमतीने धनुष्य टाकले आणि ती जी धावत सुटली, ती अरण्यातील दमनायन ऋषींच्या आश्रमापाशी येऊन कोसळली.

दमनायन हे धनुर्वेदाचे आचार्य. कदंबवृक्षांनी वेढलेल्या त्यांच्या आश्रमात होमाचा धूर दरवळत असे आणि प्रत्यंचेच्या टणत्काराला मोर केकारवाने उत्तर देत. शुद्धीवर येताच हेतिमतीने त्यांचे पाय धरले. "भगवन्, मला असे अस्त्र द्या, की त्यापुढे कोणताही वर टिकणार नाही."

"देईन," ऋषी म्हणाले, "आणि तेच तुझा प्राण घेईल. कन्ये, तुझा हात शिकलेला आहे. तो कोणाच्या आज्ञेने उठतो, हे तुला ठाऊक नाही. आधी आसन घाल."

ती डोळे मिटून बसली. मिटल्या डोळ्यांपुढे भाला वळला, भावाचा कंठ फुटला. किंकाळी फोडून ती उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. कित्येक पौर्णिमा अशाच गेल्या. एके प्रातःकाळी ती रडत म्हणाली, "आचार्य, हे भय जाईल तरी कधी?"

वृद्ध ऋषींनी नजर खाली वळवली. "माझेही अजून गेलेले नाही. कालकंपाचे नाव ऐकले की मलाही पळावेसे वाटते. भय 'ऊठ' म्हणेल, म्हणू दे. तू ऐक, पण उठू नकोस. श्वास येतो आणि जातो, त्याच्यापाशी राहा."

हळूहळू ती बसू लागली. भावाचा कंठ रोज फुटे, अश्रू रोज वाहत. परंतु ती उठत नसे. मग ऋषींनी तिच्या हाती धनुष्य दिले.

राजवंशाचे उरलेले रक्त हुंगत एके दिवशी भर माध्यान्ही कालकंप आश्रमात शिरला. मोरांचा केकारव थांबला. एका शिष्याने भयाने परशू उगारला आणि तो परशू त्याच्याच मस्तकात बसला. ऋषी जागच्या जागी थिजले. हेतिमतीचे अंग घामाने भिजले, दात वाजू लागले. पळावे, असे तिचा रोम रोम ओरडून सांगत होता. ती धनुष्य आणि शर मांडीवर घेऊन दैत्यासमोरच आसन घालून बसली आणि तिने डोळे मिटले.

माणूस स्वतःच्या शस्त्राने मरताना पाहण्याची कालकंपाला चटक लागली होती. तो तिच्या मुखापाशी वाकला. ती दुर्गंधी तिच्या कपाळावर आदळली.

"उचल धनुष्य!" तो गर्जला. "तुझा भाऊ मरताना तुला हाक मारीत होता. तू पळालीस!"

"पळाले," ती कापऱ्या स्वरात म्हणाली. "मी भ्याले होते. आताही भीत आहे."

ती श्वासापाशी राहिली. हृदय नगाऱ्यासारखे वाजत होते, आणि ते वाजताना ती ऐकत होती. भय सारे सांगून थकले. मग एक श्वास निवांत गेला. हेतिमतीने डोळे उघडले, धनुष्य उचलून शर जोडला आणि सोडला. तो वळेल म्हणून दैत्य हसत पाहत राहिला. शर वळला नाही. तो थेट त्याच्या हृदयात शिरला.

कोसळताना कालकंपाने शाप दिला, "तुझ्या वंशात कधीही कोणी निर्भय जन्मणार नाही!"

हेतिमती हादरली. "आचार्य, पुढे होणाऱ्या माझ्या निष्पाप लेकरांनी हे का भोगावे?"

ऋषी मृत शिष्याचे मस्तक मांडीवर घेऊन बसले होते. "शाप मला फिरवता येणार नाही," ते म्हणाले. "परंतु तू जे शिकलीस, ते त्यांना शिकव. जो आधी आसन घालील, त्याचा हात भयाच्या आज्ञेत राहणार नाही, हा माझा वर."

हेतिमती कुरवकपुरास परतली आणि सिंहासनावर बसली. पुढे तिच्या वंशात जो जो जन्मला, तो भित्राच जन्मला. तिच्या पहिल्या कन्येने धनुष्य मागितले, तेव्हा हेतिमतीने तिला दर्भासनावर बसवले आणि तिचे थरथरणारे हात स्वतःच्या हातांत धरून ठेवले. त्या कुळात शस्त्रविद्येचा आरंभ तेव्हापासून असाच होत आला.