पहारेकऱ्याची पडशी

खूप जुनी गोष्ट आहे, लहानांनो आणि थोरांनो. तेव्हा नद्यांवर पूल थोडे होते आणि होड्या पुष्कळ. त्या काळी एका राज्याच्या सीमेवर, उंच कड्याच्या टोकाला, टेहळणीचा एक बुरूज होता. त्या बुरुजावर एकच पहारेकरी राहत असे.

खाली दरी, वर आभाळ, आणि मध्ये तो. महिन्यातून एकदा शिधा घेऊन एक माणूस बैल हाकत वर यायचा, पोती उतरवायचा आणि ऊन चढायच्या आत परत फिरायचा. मधल्या दिवसांत मीठ संपलं तर जेवण आळणी. दोर तुटला तर आपणच वळायचा. सुई हरवली तर फाटकं तसंच नेसायचं. त्यामुळे पहारेकऱ्याला एक सवय जडली. लागेल ते सगळं आपल्याजवळ हवं, आणि जिथे एक पुरेल तिथे दोन हवीत. बुरुजावर ती सवय शहाणपणाची होती. तिच्यामुळेच तो तिथे तगला.

तरुणपणी गेलेला पहारेकरी म्हातारा होऊन गावी परतला. आईवडील केव्हाच गेले होते. भावाच्या घरात भलतीच माणसं राहत होती. राजाने त्याला गावाच्या टोकाला दोन खोल्यांचं घर दिलं. शेजार होता, पण शेजाऱ्यांशी काय बोलायचं ते त्याला सुचेना. बुरुजावर काही सांगायचं असलं की तो ओला पाला जाळून धूर करायचा. इथे धूर करून कोण येणार?

वर्षानुवर्षं उभं राहून त्याची पाठ लाकडासारखी ताठ झाली होती. वैद्यांनी नाडी पाहिली, मणके दाबून पाहिले आणि म्हणाले, "लेप देतो, पण त्याने अर्धंच काम होईल. नदीपलीकडच्या टेकडीवर गुरुजी सकाळी योगासनं शिकवतात. अर्धं गाव जातं. तुम्हीही जात जा."

"बरोबर काय काय न्यावं लागतं?" पहारेकऱ्याने विचारलं.

"बसायला एक चटई. बाकीचं तिथलं तिथे होतं."

पहारेकऱ्याला हे उत्तर पटलं नाही. तिथलं तिथे होतं म्हणजे काय? आणि नाही झालं तर?

तो बाजारात गेला. तिथे एक बाई पिशव्या शिवायला बसायची. तिने त्याच्यापुढे तीन पिशव्या मांडल्या. एक साधी सुती झोळी. दुसरी जाड कापडाची, लांबट आणि अरुंद, चटईची गुंडाळी उभी राहील अशी. तिसरी पडशी, प्रवासी लोक घोड्याच्या पाठीवर टाकतात तशी, दोन्ही अंगांना मोठाले कप्पे असलेली.

"टेकडीवर जायचंय ना, बाबा? मग ही लांबट न्या," बाई म्हणाली. "पट्टा छातीवरून आडवा जातो, दोन्ही हात मोकळे राहतात. चढावर हात मोकळे असलेले बरे."

"हिच्यात माझं सामान बसणार नाही."

"असं किती सामान आहे?"

पहारेकरी सांगू लागला. एक चटई. दवाने भिजली तर दुसरी. मांडी घालून बसताना गुडघे बांधून ठेवायचा योगपट्टा, आणि तो तुटला तर आणखी एक. नाक धुवायचं नेतीचं भांडं, त्याला लागणारं मीठ, पाण्याचा चंबू. पांघरायला कांबळं. घाम पुसायला पंचे. भूक लागली तर भाकरी. काही उसवलं तर सुईदोरा.

"टेकडीवर निघालात की लढाईवर?" बाई हसून म्हणाली.

पहारेकरी हसला नाही. त्याने पडशी उचलली.

दुसऱ्या दिवसापासून तो टेकडी चढू लागला. पडशी खांद्याला काचायची, चालताना गुडघ्यावर आपटायची. दम लागून तो चारदा थांबायचा आणि सगळ्यांच्या मागून पोहोचायचा. तोवर पठारावर रांगा लागलेल्या असत. एवढं सामान मांडायला मध्ये जागा नसे, म्हणून तो एका कडेला, लोकांपासून दूर बसायचा.

त्या कडेच्या सर्वांत जवळ बसायचा तो एक नावाडी. हाही म्हातारा. उभा जन्म त्याने लोकांना या तीरावरून त्या तीरावर नेलं होतं. लग्नाची वऱ्हाडं नेली, बाळंतिणी नेल्या, एकदा तर चिडलेली म्हैसही नेली. मग राजाने नदीवर दगडी पूल बांधला. लोकांची मोठी सोय झाली, आणि त्या दिवसापासून नावाड्याच्या होडीत कुणी पाऊल ठेवलं नाही. आता तोही पुलावरूनच टेकडीकडे यायचा.

पहिल्याच दिवशी नावाडी म्हणाला, "पहारेकरीबुवा, उद्यापासून पडशीची एक बाजू मी धरत जाईन. पुलापाशी थांबतो."

"नको. जमतं मला."

दुसऱ्या दिवशी नावाडी म्हणाला, "पाणी घ्या. खडकामागे झरा आहे, तिथलं आहे. गार आहे."

"आहे माझ्याकडे."

आसनं झाली की लोक घोळका करून बसत. कुणी पेरू आणलेले असत, कुणी भुईमुगाच्या शेंगा. नावाडी मूठभर फुटाणे घेऊन पहारेकऱ्याकडे यायचा. "सुनेने भाजलेत. घ्या."

"भाकरी आहे माझ्याकडे."

लोकांना वाटलं, याला कुणाचं काही चालत नाही. हळूहळू त्यांनी त्याच्याकडे बघायचंही सोडलं.

पण खरं सांगायचं तर पहारेकरी गर्विष्ठ नव्हता. बुरुजावर शिधा आणणाऱ्या माणसाचा घास आपण खाल्ला तर तो उपाशी परततो, एवढंच त्याला ठाऊक होतं. आपण कुणाला त्रास देत नाही, हे चांगलंच करतो आहोत, असं तो समजत होता. तरी घरी परतल्यावर दिवसभर त्याला नावाड्याचंच बोलणं आठवायचं. 'झरा कुठल्या खडकामागे आहे?' असं विचारता आलं असतं, हे त्याला दुपारी सुचायचं. दोन फुटाणे तोंडात टाकून 'तुमच्या सुनेच्या हाताला चव आहे,' असं म्हणता आलं असतं, हे भांडी घासताना सुचायचं. मग तो रिकाम्या खोलीत ते वाक्य हलकेच म्हणून बघायचा. उद्या म्हणू, असं ठरवायचा. आणि दुसऱ्या दिवशी नावाडी समोर आला की तोंडातून निघायचं, "आहे माझ्याकडे."

नावाड्याने मात्र सोडलं नाही. बाकी सगळे थकले, पण तो रोज काही ना काही घेऊन यायचाच. आवळे आणायचा, दात घासायला बाभळीची काडी आणायचा, काहीच नसलं तर म्हणायचा, "माझ्याजवळ सरका, इथे वारा कमी आहे."

एके सकाळी नावाड्याची जागा रिकामी होती.

पहारेकऱ्याने पाहिलं आणि नजर वळवली. येईल उद्या. दुसऱ्या दिवशीही जागा रिकामीच. डोळे मिटून श्वास मोजायची वेळ आली तेव्हा पहारेकरी डोळे किलकिले करून पायवाटेकडे बघत राहिला. जन्मभर त्याने वाटच पाहिली होती. कोण येतंय ते बघायचं, हेच त्याचं काम होतं. पण ज्यांची वाट पाहायची ते शत्रूचे घोडे असायचे. एखाद्या माणसासाठी अशी वाट पाहायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

पुढच्या रांगेत एक कुंभारीण बसायची. तिला विचारावं, असं त्याच्या मनात अनेकदा आलं. 'नावाडी का येत नाहीत?' एवढंच विचारायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले की त्याला वाटायचं, आपण कोण विचारणारे? तो पडशी आवरायचा आणि उतरायला लागायचा.

असे कितीतरी दिवस गेले. मग एका सकाळी गुरुजींनी कुणालाच उभं राहू दिलं नाही. ते म्हणाले, "आपला नावाडी काल गेला. पुष्कळ सोसलं त्याने. तुम्ही सगळे त्याच्याकडे जाऊन बसत होतात, त्याला त्याचा आधार होता. आज आसनं नकोत. नुसतं बसू या."

सगळे बसले. कुंभारणीने डोळ्यांना पदर लावला. तेव्हा पहारेकऱ्याला कळलं की नावाडी आजारी होता, हे गावाला ठाऊक होतं. लोक आळीपाळीने त्याच्या उशाशी बसत होते. त्याला एकट्यालाच कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्याने कुणाला विचारलं नव्हतं.

दिवस-कार्य उरकल्यावर पहारेकरी घाटाजवळ नावाड्याच्या घरी गेला. नावाड्याची सून ओसरीवर डाळ निवडत होती. तिने त्याला बघताच ओळखलं.

"तुम्ही पडशीवाले ना? बसा. मामंजी सांगायचे तुमच्याबद्दल."

"काय सांगायचे?"

सून जरा घुटमळली. मग म्हणाली, "म्हणायचे, टेकडीवर एक माणूस भेटलाय, मला फार आवडतो. इतकी वर्षं उंचावर राहिलाय, काय काय पाहिलं असेल त्याने. त्याच्याशी बसून बोलावं म्हणतो, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. त्याच्याकडे सगळंच असतं. मला द्यायला काही सापडतच नाही."

पहारेकरी ओसरीच्या कडेला टेकला.

"पूल झाल्यापासून त्यांना तेच लागलं होतं," सून म्हणाली. "कुणाचं एवढंसं काही करायला मिळालं तरी त्यांचा दिवस बरा जायचा. टेकडीवरून आले की विचारायचे, उद्या काय नेऊ गं?"

"मलाही ते आवडायचे," पहारेकरी म्हणाला. "मी दुसऱ्या दिवशी कधी येतील याची वाट बघायचो."

सुनेच्या हातातलं सूप थांबलं. "हे त्यांना कळलं असतं तर किती बरं वाटलं असतं त्यांना," ती हळूच म्हणाली.

घरी येऊन पहारेकऱ्याने पडशी जमिनीवर रिकामी केली. दोन चटया, दोन पट्टे, दोन पंचे. त्या पसाऱ्याकडे तो पुष्कळ वेळ बघत बसला. मग उठून त्याने बाजार गाठला.

"ती लांबट पिशवी आहे का अजून? हात मोकळे राहतात ती?"

"आहे की," पिशव्यांची बाई म्हणाली. "पण तुमचं सगळं सामान हिच्यात बसणार नाही, बाबा. तुम्हीच म्हणाला होतात."

"नाही बसणार. म्हणूनच हवी आहे."

बाईला काही उमगलं नाही. तिने पिशवी दिली.

दुसऱ्या सकाळी पहारेकऱ्याने पिशवीत एक चटई ठेवली, एक योगपट्टा ठेवला आणि नेतीचं भांडं ठेवलं. पिशवी भरली. मीठ राहिलं, पाणी राहिलं, भाकरी राहिली. दाराबाहेर पडताना त्याचे हात पुन्हा पुन्हा मागे वळत होते, पण तो निघाला. खांदा हलका होता. छातीत मात्र धडधडत होतं. शत्रूची फौज दिसली तेव्हाही एवढं धडधडलं नव्हतं.

तो पहिल्यांदाच वेळेवर पोहोचला. रांगेत मध्ये जागा होती, तिथे त्याने चटई अंथरली. नाक धुवायची वेळ झाली. लोक आपापली भांडी घेऊन उठले. पहारेकरी रिकामं भांडं हातात धरून उभा राहिला. दोनदा त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी तो कुंभारणीकडे गेला.

"बाई, चिमूटभर मीठ मिळेल का?"

आजूबाजूची माणसं बोलायची थांबली. कुंभारीण त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "मीठ? तुम्हाला?"

"हो. आज माझ्याकडे नाही."

तिने पुडी सोडून त्याच्या भांड्यात मीठ घातलं. "आणि पाणी?"

"तेही नाही."

"मग चला. मी झऱ्यावरच निघालेय." दोघं खडकाच्या दिशेने निघाली. मग कुंभारणीने सहज विचारलं, "तुमच्या त्या बुरुजावर पाणी कुठून यायचं हो?"

"खडकात टाकं खोदलेलं होतं," पहारेकरी म्हणाला. एवढंच बोलून तो नेहमीसारखा थांबणार होता. पण ती पुढचं ऐकायला मान वळवून चालत होती. म्हणून तो आणखी बोलला. "उन्हाळ्यात त्याचं पाणी तळाला जायचं. तेव्हा रात्री वाघ यायचा प्यायला. तो पिऊन जाईपर्यंत मी तहानलेला बसून राहायचो."

"अगं बाई. मग?"

मग त्याने पुढचंही सांगितलं.

त्या दिवसानंतर लोक त्याच्या आसपास बसू लागले. कधी तो पंचा विसरायचा, कधी कुणी त्याच्याकडून पट्टा मागून न्यायचं. महिन्यांमागून महिने गेले तशी त्याची पाठही सैल पडली आणि हात पायाच्या बोटांना टेकू लागले. बुरुजावरच्या गोष्टी त्याने पुढे पुष्कळांना सांगितल्या, आणि लोकांनी त्या आवडीने ऐकल्या. पण ज्याला त्या सर्वांत आधी ऐकायच्या होत्या, तो ऐकणाऱ्यांत नव्हता. संध्याकाळी घरात एकटं बसल्यावर पहारेकऱ्याला हे आठवायचं, आणि त्यावर कुणाकडूनही काही मागून आणता येत नसे.

ऐकणाऱ्याने मनाशी धरावं ते एवढंच: ज्याला कुणाकडून काहीच नको असतं, त्याच्याजवळ जायला माणसांना वाट सापडत नाही, म्हणून थोडं मागावं, दिलेलं थोडं घ्यावं, आणि ते वेळेत करावं.