घाटातली जुनी पाटी

ज्या काळी गाढवं कमी बोलायची पण मुद्द्याचं बोलायची, त्या फार फार जुन्या काळातली ही गोष्ट. एका राज्यात एक उंच घाट होता. घाटमाथ्यावर वाटसरूंसाठी धर्मशाळा होती आणि ती चालवायची ठकूबाई.

ठकूबाई कामाला वाघ. उजाडायच्या आत अंगण सारवून व्हायचं, भाकरीचं पीठ मळून व्हायचं. पण भाकरी खायला माणूसच येईना! पूर्वी ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे. आता तिथे कोंबड्या हिंडत होत्या. वाटसरू पलीकडच्या घाटाने जाऊ लागले होते.

एके दिवशी राजाचा कारभारी पालखीत झोपा काढत वर आला. रिकामी ओसरी पाहून म्हणाला, "बाई, होळीपर्यंत ओसरी भरली तर ठीक. नाहीतर धर्मशाळेला कुलूप लागेल आणि राजाचा शिधा पलीकडच्या घाटाला जाईल."

ही धर्मशाळा सासूबाईंनी शेवटच्या दिवसांत ठकूबाईच्या हाती सोपवली होती. तिचं दुसरं घर नव्हतं आणि दुसरं काही हवंही नव्हतं.

पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हे. तिने फळ्या कापल्या, चुना कालवला आणि रोज एक नवी पाटी रंगवायला घेतली. 'गरमागरम पिठलं-भाकरी!' 'पांघरुणं धुतलेली!' 'इथे ढेकूण नाहीत!' पाटी वाळली की गाढवाच्या पाठीवर लादायची आणि घाटाच्या पायथ्याशी नेऊन रोवायची. महिनाभरात पायथ्याला पाट्यांची जत्रा भरली. लोक थांबत, वाचत, हसत. ओसरीवर मात्र कोंबड्याच.

"आणखी पाट्या हव्यात," ठकूबाई म्हणाली.

गाढवाने कान पाडले. "बाई, पाठ सोलली माझी. एक विचारू? पाट्या वाचून माणसं घाट चढू लागतात, ते मी रोज पाहतो. मग ती वर पोचत का नाहीत?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला एवढंच कळतं, की आपण येतो-जातो ते मागच्या पाऊलवाटेने. वाटसरूंच्या वाटेने तुम्ही शेवटच्या कधी चढलात?"

ठकूबाई बोटांवर वर्षं मोजू लागली. तिला आठवेचना.

दुसऱ्या दिवशी डोक्यावर बोचकं आणि मागे गाढव घेऊन ती वाटसरूसारखी पायथ्यापासून निघाली. अर्ध्या घाटात सगळ्यांत जुनी पाटी उभी होती. खुद्द सासूबाईंच्या अक्षरातली. 'दमलात ना? आता दोनच वळणं!' दर दिवाळीच्या पाडव्याला ठकूबाई पाऊलवाटेने इथवर उतरायची, पाटीला झेंडूचा हार घालायची आणि आल्या पावली परत जायची. यंदाचा हार अजून लोंबत होता, वाळलेला.

पाटीखाली एक कासार बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन फणफणत बसला होता.

"का हो मामा, बसलात का?"

"बसू नको तर काय करू, बाई? पाटी म्हणते दोन वळणं. दोन झाली, तिसरं झालं, तरी धर्मशाळेचा पत्ता नाही! वाटलं, वाट चुकलो. आलो परत. माझ्या पुढचे तिघे तर शिव्या घालत पलीकडच्या घाटाला गेले."

"असं कसं होईल? इथून दोनच..." ठकूबाई बोलता बोलता थांबली. सहा वर्षांपूर्वी दरड कोसळली होती आणि वाट डोंगराला वळसा घालून नेली होती. ती झपाझपा चढली, मोजत गेली. एक, दोन, तीन, चार, पाच! तिसऱ्या वळणावर तर एक झरा वाहत होता आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

ती खाली आली ती डोळे पुसतच आणि गाढवाला म्हणाली, "सहा वर्षं हार घातला रे, पण एकदाही वाचली नाही. आणि आता सासूबाईंचं अक्षर मी खरवडू कशी?"

"मी त्यांचीही ओझी वाहिली आहेत," गाढव म्हणालं. "त्यांना खोटं खपायचं नाही. एकदा मी कडबा खाऊन नाही म्हणालो, तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आज त्या असत्या ना, तर विळा त्यांनीच हाती घेतला असता."

ठकूबाईला हसू फुटलं. तिने पाटीला हात जोडले आणि बोचक्यातल्या विळ्याने फक्त 'दोन' खरवडून तिथे चुन्याने 'पाच' लिहिलं. खाली जोडलं, 'तिसऱ्या वळणावर गार पाणी आहे.' बाकी सगळं अक्षर सासूबाईंचंच राहिलं. पिठलं-भाकरीची पाटी पायथ्याहून उपटून तिने झऱ्यापाशी लावली, कारण पाणी प्यायल्यावरच कडाडून भूक लागते. पायथ्याच्या उरलेल्या पाट्यांची कासाराने झऱ्याजवळच दोन बाकं ठोकून दिली. एकही नवी फळी कापावी लागली नाही.

होळीला कारभारी निघाला, तर वाटेत पालखीचा दांडा मोडला. आयुष्यात पहिल्यांदा तो घाट पायी चढला. जुन्या पाटीशी आला तेव्हा त्याच्या छातीचा भाता झाला होता. पाटी वाचून तो वळणं मोजू लागला. तिसऱ्यावर पाणी प्यायला, बाकावर टेकला, पिठल्याची पाटी वाचून पुन्हा उठला. पाचव्या वळणावर धर्मशाळा दिसली. ओसरी माणसांनी गच्च भरली होती आणि कोंबड्या छपरावर बसल्या होत्या.

पिठल्यावर कच्चा कांदा फोडत त्याने विचारलं, "बाई, अशी कोणती नवी पाटी लावलीत?"

"नवी कुठली, साहेब? सासूबाईंचीच आहे," ठकूबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

कुलूप कारभाऱ्याच्या झोळीतच राहिलं. आणि त्यानंतर दर पाडव्याला ठकूबाई पायथ्यापासून चढत यायची, जुनी पाटी आधी नीट वाचायची आणि मगच तिला हार घालायची.

तात्पर्य : नवं लिहायला बसण्याआधी जुनं लिहिलेलं आजही खरं आहे का, ते एकदा वाचून पाहावं.