ज्येष्ठातली थंडी

फार पूर्वी मेखलानगरात धृतिसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या न्यायसभेत अमात्य होता. त्या जन्मी त्याचे नाव क्षेमंकर. लोकांची भांडणे ऐकता ऐकता त्याचे केस पिकले होते, गुडघे धरले होते, आणि आताशा वादी तोंड उघडायच्या आधीच तो काय बोलणार हे त्याला कळू लागले होते. लोक याला शहाणपण म्हणत. हा निव्वळ शीण आहे, असे तो स्वतःशी म्हणे.

राजाने त्याला नदीकाठची एक आमराई दिली होती. तिथे एक खोपटे होते, गोड्या पाण्याची विहीर होती, आणि भांडायला माणूस नव्हता. ज्येष्ठाची पौर्णिमा झाली की अमात्याने न्यायासन सोडावे आणि उरलेले दिवस तिथे स्वस्थ काढावेत, असे ठरले होते. क्षेमंकराला झोपेतही त्या झाडांची सावली दिसे.

त्या नगराचा एक जुना रिवाज होता. अमक्याने मला इजा केली अशी तक्रार आली, की राजवैद्य तांबडा दोरा घेऊन पुढे येई आणि जखमेवर धरून तिची लांबी मोजी. जेवढा दोरा तेवढा दंड. दोऱ्याला माप नाही तर दावाही नाही. ‘दोरा भरला तर दावा, नाहीतर घरचा रस्ता धरावा,’ असे तिथली पोरेसोरेसुद्धा म्हणत. रिवाज वाईट नव्हता, त्याने कितीतरी खोट्या रडगाण्यांना आळा घातला होता. पण एकदा माप हाती आले की माणसाला वाटू लागते, जे मापात बसत नाही ते नाहीच.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी रेवत नावाचा एक कासार आपल्या बहिणीला घेऊन सभेत आला. बहिणीचे नाव कुरंगी. ती चंदनाचा व्यापारी नंदिसेन याची बायको. नंदिसेन मोठा गोडबोल्या. त्याने आवाज चढवलेला कोणी कधी ऐकला नव्हता. राजाच्या नव्या मंडपाला लागणारे सगळे चंदन तो नजराणा म्हणून देणार होता, त्यामुळे राजाही त्या दिवशी मुद्दाम सभेत येऊन बसला होता.

“दोरा लावा आणि मोकळे व्हा, अमात्य,” राजा त्याच्या कानाशी लागून म्हणाला. “नंदिसेन आपला माणूस आहे. उद्या तुम्ही आमराईत.”

रेवताने हात जोडले. “महाराज, ही माझ्या घरी आली ती उंबऱ्यातच उभी राहिली, पार संध्याकाळपर्यंत. आत येऊ का, असं विचारायला ही कुणाला तरी शोधत होती. आणि लहानपणी हीच सगळ्या आळीला भांडणात पुरून उरायची.”

“नवऱ्याने मारलं का?” क्षेमंकराने विचारले.

“नाही जी.”

“उपाशी ठेवलं?”

“तसंही नाही. आमच्या आईला हिला भेटू दिलं नाही. दासींना हिच्याशी बोलायची बंदी. हिने ठेवलेली किल्ली तो हळूच हलवायचा आणि म्हणायचा, तूच विसरलीस. रोज दिवेलागणीला दिवसभरात काय काय केलं ते सांगायला लावायचा, आणि सगळं ऐकून हसून म्हणायचा, असं काही झालंच नाही. आता हिला स्वतःचंच काही खरं वाटत नाही.” रेवत बहिणीकडे वळला. “ही परत गेली तर जगेल, महाराज. पण ती माझी बहीण नसेल.”

“घरोघरी मातीच्या चुली,” सभेतून कोणीतरी म्हणाले, आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

राजवैद्य पिंगल कुरंगीला पडद्याआड घेऊन गेला आणि थोड्या वेळाने परत आला. “अंगावर ओरखडासुद्धा नाही,” तो म्हणाला. “दोऱ्याला माप नाही.”

रिवाजाप्रमाणे आता एकच वाक्य उरले होते. वादीने घरी जावे. आणि बाईचे घर म्हणजे नवऱ्याचे. ते वाक्य क्षेमंकराच्या ओठांवर आले होते. दुपार झाली होती, पाठ भरून आली होती. आजच का आली ही, असे त्याच्या मनात आले, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. त्या लाजेपोटी त्याने एक प्रश्न जास्त विचारला.

“मुली, तुझं काय म्हणणं आहे?”

कुरंगीने समोर बसलेल्या नंदिसेनाकडे पाहिले. “मला ठाऊक नाही. त्यांना विचारा.”

इथे नंदिसेन गप्प बसला असता तर जिंकला होता. पण अशा माणसाचे नुसते जिंकून भागत नाही. आपण किती सोसतो, हेही चार लोकांना दिसावे लागते. तो उठला आणि उसासा टाकून म्हणाला, “महाराज, हिचं डोकं ठिकाणावर नाही. मी सांभाळतो म्हणून चाललंय सगळं. आता तुम्हीच पाहा.” मग तो बायकोकडे वळला आणि अगदी मायेने म्हणाला, “कुरंगी, तुला थंडी वाजतेय ना गं?”

बाहेर ज्येष्ठाचे ऊन रणरणत होते. सभेत वाळ्याचे पंखे हलत होते, तरी राजापासून द्वारपालापर्यंत सगळे घामाने निथळत होते.

“हो,” कुरंगी म्हणाली. तिने शेला अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.

सभा हसली. नंदिसेनही हसला. पिंगल वैद्य मात्र हसला नाही. तो दोरा हातात घेऊन तिच्या अगदी शेजारी उभा होता. त्याने वाकून पाहिले आणि हळूच हाक मारली, “अमात्य, जरा इकडे या.”

क्षेमंकर गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि आसनाच्या पायऱ्या उतरून आला. कुरंगीच्या कपाळावर घाम होता, आणि दोन्ही हातांवर मनगटापासून वरपर्यंत काटा उभा राहिला होता. तिचे दात खरोखरच वाजत होते. ती सोंग करीत नव्हती. तिला थंडी वाजत होती, कारण नवऱ्याने ती वाजते असे सांगितले होते. मागच्या रांगांतले लोक टाचा उंचावून पाहू लागले. हसू हळूहळू विरून गेले.

पिंगलने दोरा तिच्या एका हाताजवळ नेला, मग दुसऱ्या. मग तो थांबला.

“कुठून कुठपर्यंत लावू?” त्याने विचारले. त्याचा सारा जन्म या दोऱ्यात गेला होता, आणि हा प्रश्न तो अगदी मनापासून विचारत होता.

क्षेमंकर आसनाकडे परतला नाही. तो तिथेच खाली उभा राहून बोलला.

“कुणी माझा हात मोडला, तरी तो मोडका हात माझाच राहतो. हिच्याजवळ हिची थंडीसुद्धा राहिलेली नाही. ज्याने ती काढून घेतली त्याने इजा केली, आणि हात मोडणाऱ्यापेक्षा कमी केली असं मला म्हणवत नाही. कुरंगी परत जाणार नाही. नंदिसेनाने तिच्या वाऱ्याला उभं राहू नये. दोरा पुरता भरला असता तर जेवढा दंड, तेवढा त्याने हिच्या पोटापाण्यासाठी द्यावा. आणि आजपासून या नगरात अंगावर खूण न ठेवणारी इजा ही इजाच.”

नंदिसेनाने राजाकडे पाहिले. राजाचा चेहरा उतरला होता. हाती आलेले चंदन गेले, हे त्याला दिसत होते.

“अमात्य, उद्यापासून गावातली प्रत्येक रुसलेली सून दारात उभी राहील,” राजा चिडून म्हणाला. “खरं कोण, खोटं कोण, हे निवडायचं कसं? दोरा काय, कुणीही लावत होतं.”

“बसून ऐकावं लागेल, महाराज.”

“कुणी?”

राजाचा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच क्षेमंकराला उत्तर कळले होते. त्याने खिडकीबाहेर नदीच्या दिशेने पाहिले. त्याला फार वाईट वाटले. बोधिसत्त्व झाला म्हणून काय, दुखायचे गुडघे दुखतातच.

“मी ऐकतो,” तो म्हणाला.

“आणि आमराई?”

“तिथे हिला राहू द्या. हिच्यासारख्या आणखीही येतील.”

राजा रुष्ट होता, पण तिच्या हातांवरचा तो काटा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्याला नाही म्हणता आले नाही.

त्यानंतर क्षेमंकर रोज ऐकत बसला. आलेले सगळेच खरे नव्हते. काही खोटे बोलत, काहींना बोलताच येत नसे, आणि कधी त्याचाच अंदाज चुके, मग तो त्यांना पुन्हा बोलावून घेई. घरी जाताना त्याची पालखी वाहणारे भोई म्हणत, अमात्य दिवसेंदिवस जड होत चालले. आमराईचा रस्ता मात्र त्याने पुन्हा पाहिला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कुरंगी आंब्यांची पाटी घेऊन सभेत आली. मधले दिवस सोपे गेले नव्हते. कितीतरी महिने ती विहिरीवर पाणी शेंदण्याआधी माळ्याला विचारीत असे. आता तिने पाटी उतरवली, एक आंबा कापला, एक फोड अमात्याला दिली आणि एक स्वतःच्या तोंडात टाकली. लगेच तिने तोंड वाकडे केले.

“आंबट आहे,” ती म्हणाली.

क्षेमंकराने फोड खाल्ली. “मला तर गोड लागला.”

सगळ्या नगराचा न्याय करणारा माणूस बोलला होता. कुरंगी क्षणभर थबकली. मग तिने दुसरी फोड घेतली आणि सावकाश चावून खाल्ली.

“नाही,” ती म्हणाली. “आंबटच आहे.”

म्हातारा इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. मग द्वारपालाने पुढच्या माणसाचे नाव पुकारले.

लोकांची दुःखे ऐकून ऐकून थकलेला एक स्थविर भिक्षू अरण्यात निघून जाण्याची परवानगी मागायला आला होता, त्याला शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, “तेव्हाचा राजवैद्य पिंगल तो तू. राजा धृतिसेन हा आपल्याला विहार बांधून देणारा गृहपती. कुरंगी ही दाराशी बसलेली उपासिका भद्दिका. आणि अमात्य क्षेमंकर तो मी.” नंदिसेन आज कोण आहे, हे त्यांनी सांगितले नाही. ऐकणाऱ्यांपैकी काही जणांनी माना खाली घातल्या.

लोक या कथेला करुणेची कथा म्हणतात. शास्त्यांनी मात्र त्या दिवशी वीर्यपारमितेचे, म्हणजे परिपूर्ण प्रयत्नाचे, नाव घेतले: अंग थकलेले असतानाही दुसऱ्याचे ऐकायला बसून राहणे.