खुडूक नव्हे ती!

कोकणात कातळगाव म्हणून एक खेडं. तिथल्या शंकराच्या देवळात सदोबा महाराज त्या वर्षी चार महिने मुक्कामाला होते. त्यांच्या दर्शनाला खोतापासून गुराख्यापर्यंत सगळे येत. तानूआजीही यायची, पण मागे खांबाला टेकून बसायची. तिच्या मांडीवर कवडी असायची. कवडी म्हणजे तिची ठिपक्यांची कोंबडी. नवरा गेला, मूलबाळ नाही. घरात हाक मारली तर ओ देणारा तेवढाच एक जीव!

एका सकाळी कवडी उठेना. शेपूट खाली पडलेली, पाय फाकलेले, पिसं फुगलेली, चोच उघडी. सारखी कळ द्यायची आणि कण्हायची. आजीने तिला पदरात घेतलं आणि धावत देवळाकडे निघाली.

वाटेत पाणवठ्यावर विसाजी खोत चार माणसं जमवून बसला होता. जगातलं सगळं आपल्यालाच कळतं, असा या गृहस्थाचा समज!

"कोंबडीसाठी रडतेस, म्हातारे? अगं, खुडूक झालीय ती. द्या एक बुचकळी!"

आता खुडूक कोंबडी अंड्यांवरून हलत नाही, म्हणून तिला गार पाण्यात बुडवायची आपल्याकडे रीत. पण आजी ओरडत होती, "नाय हो खोत, खुडूक नाय, दुखतंय तिला!" ऐकतो कोण? खोताने कवडी हिसकावली आणि दगडी दोणीतल्या गार पाण्यात एकदा नाही, तीनदा बुडवली. लोक हसले. अहो, हसले! सांगतानाही माझं डोकं तडकतं. कवडीची मान लटकी पडली.

आजीला रडू आलं नाही. तिला संताप आला. "मेल्या, मारलीस माझी कवडी!" ती किंचाळली, त्याच्या हातातून कवडी ओढून घेतली आणि देवळाकडे धावली. खोताला आजवर कुणी अरेतुरे केलं नव्हतं. तो चवताळून तिच्या मागोमाग देवळात शिरला.

महाराजांनी कवडीच्या पोटाखाली हात घातला. त्यांचा चेहरा लाल झाला.

"कोणी भिजवली ही?"

"मी," खोत छाती काढून म्हणाला. "खुडूक होती."

"खुडूक कोंबडी हात लावताच चोच मारते. हिने मारली? पोटात कठीण गोळा लागतो, तो चाचपलास? अंडं अडकलंय हिचं! अडलेल्या जिवाला गार पाण्यात घातलंस, आणि वर मिशीला पीळ देतोस?"

महाराज कडाडले तशी माणसं मागे सरली. त्यांनी घंगाळात ऊन पाणी ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं, आपल्या बोटाने कवडीच्या मागल्या बाजूस खोबरेल लावलं आणि म्हणाले, "विसाजी, बस. पोटापर्यंत पाण्यात धर हिला. दाबायचं नाही. अंडं आत फुटलं तर जाईल ती."

"ह्याच्या हातात?" आजी महाराजांवरही भडकली. "मी नाय देणार!"

"तानू, तुझे हात रागाने थरथरताहेत. ज्याने बुडवली, तोच धरील."

आजीने दात आवळून कवडी दिली. खोत बसला. सकाळ सरली, नैवेद्याची वेळ झाली. त्याची पाठ भरून आली, पण महाराजांच्या नजरेसमोर हलायची छाती नव्हती. तळव्याखाली ते इवलं काळीज धडधडत होतं, मध्येच थांबत होतं. ते थांबलं की खोताचाच श्वास अडकायचा. आणि मग त्याच्या ध्यानात आलं. पाणी चुलीवरून उतरून प्रहर उलटला, त्यात नवी तांब्याभर भर नाही, तरी घंगाळ पहिल्याइतकंच ऊन होतं! त्याने महाराजांकडे पाहिलं. महाराज डोळे मिटून नाम घेत होते. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता.

कवडीने जोराची कळ दिली. खोताच्या ओंजळीत अंडं आलं, अखंड! कवडीने मान उचलली आणि बारीक आवाजात कुरकुरली.

खोताला हुंदका फुटला. तो महाराजांच्या पायांकडे वाकला, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"माझी कोंबडी बुडवलीस का तू?" महाराज म्हणाले.

खोत वळला. अख्ख्या गावासमोर त्याने तानूआजीच्या भेगाळलेल्या पायांवर डोकं ठेवलं. आजीचा राग उतरला नव्हता. का उतरावा?

"ऊठ," ती म्हणाली. "आधी तिला कोरडी कर."

खोताने खांद्यावरचं जरीकाठी उपरणं काढलं आणि खाली मान घालून तो कवडीला पुसू लागला.