सरपंचांचा शिक्का

कवठेवाडीचे सरपंच भगवानराव सानप यांचा शिक्का कायम सदऱ्याच्या खिशात असे. पूर्ण वाचल्याशिवाय तो कशावरही उमटत नाही, याचा त्यांना भारी अभिमान.

शेजारच्या वस्तीत गोवर आला, म्हणून मंदाकिनी सिस्टर लसीची पेटी घेऊन अंगणवाडीत येऊन बसल्या. पण त्याच सकाळी सरपंचांनी गावच्या ग्रुपवर मेसेज ढकलला होता : 'ही लस टोचलेल्या मुलींना पुढे मूलबाळ होत नाही.' झालं! लेकरं कडेवर घेऊन बाया दारापर्यंत आल्या, पण आत एकही येईना.

सिस्टरनी वाद घातला नाही. मेसेज जसाच्या तसा कागदावर उतरवला आणि तडक ग्रामपंचायत गाठली. मागोमाग बायाही गेल्या.

"सरपंच, याखाली सही-शिक्का करा. कागद फळ्यावर लावते आणि पेटी उचलून परत जाते."

भगवानरावांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. खिशाकडे गेलेला हात मध्येच थांबला.

"अहो, असा कसा शिक्का मारू? हे कुणी लिहिलंय, कुठून आलंय, मला काय ठाऊक? उद्या माझ्या अंगाशी आलं तर?"

"तुमच्या शिक्क्याला जे चालत नाही," सिस्टर म्हणाल्या, "त्यावर या आयांनी लेकरांचा जीव पणाला लावायचा?"

बायांत हसू फुटलं. सरपंचांची सून लेकीला घेऊन सर्वांआधी अंगणवाडीकडे निघाली.

संध्याकाळपर्यंत पेटी रिकामी झाली. लस घेतलेल्या मुलांच्या यादीखाली सरपंचांनी शिक्का मारला. अर्थात, नातीच्या नावापासून शेवटपर्यंत वाचून.